मोरीपाशी आलेल्या मुंग्या

ग्लुकोजचं पाणी एका दमात प्यायचं, असं नर्सनं सांगितलं होतं. मला ते जमलं नाही. थांबत थांबत ग्लास संपवला आणि डांगे चौकाजवळच्या त्या दवाखान्यात बाकावर बसून राहिले. दोन तासांनी पुन्हा रक्त घेणार होते. समोरच्या भिंतीवर एका गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर होतं. मांडीला वळ्या, मनगटाला वळ्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. शेजारची बाई आपल्या सुनेला म्हणाली, "त्याच्याकडं बघत राहा. तसंच होतं मग."

"आई, हे कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे," सून म्हणाली. "ते आता चालायला लागलं असेल."

दुसऱ्या दिवशी डॉ. योगिनींनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. साखर वाढली होती. उपाशीपोटीची वाढलेली, नंतरची त्याहून जास्त. गरोदरपणात होतं असं, त्या म्हणाल्या, आपल्याकडे बऱ्याच जणींना होतं. मग विचारलं, "घरात कुणाला आहे? आईला?"

"होती. मागच्या वर्षी त्यातच गेली. किडनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कधीपासून होती?"

"मी बारावीत असताना कळलं."

"ते कळलं तेव्हा. सुरू कधी झाली? तुम्ही पोटात असताना होती का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मी आईला विचारला नव्हता. तिच्या आजाराबद्दल मला इतकं माहीत होतं की आणखी काही उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

दोन आठवडे जेवण सांभाळायचं, जेवल्यावर चालायचं. साखर उतरली नाही तर इन्सुलिन. डॉक्टरांनी हा शेवटचा शब्द इतर शब्दांसारखाच उच्चारला. आमच्या घरात तो तसा उच्चारला जात नसे. आईनं इन्सुलिन अनेक वर्षं टाळलं. प्रत्येक वेळी डॉक्टरांना म्हणायची, "अजून थोडं बघू." थेरगावच्या आमच्या गल्लीत समज पक्का होता, की सुई लागली म्हणजे माणूस संपलं. पुरावेही होते. सगळेच सुई अगदी शेवटी लावून घेत, म्हणून सुईनंतर सगळेच जात. यातली गफलत मला कॉलेजात असल्यापासून कळत होती. तरी त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की दोन आठवड्यांनी साखर उतरली नसेल तर डॉक्टरांकडून आणखी दोन मागून घ्यायचे.

बाळासाठी ते बरं नव्हतं, हे मी त्याच संध्याकाळी वाचलं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळ मग स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगानं भरतं. मी तळवड्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. एखादी गोष्ट कशी चालते हे समजल्याशिवाय मला तिच्याबद्दल लिहिता येत नाही, आणि बहुधा घाबरताही येत नाही. सुमेधची, माझ्या नवऱ्याची, चाकणला सेकंड शिफ्ट होती. पुनावळ्यातल्या आमच्या नवव्या मजल्यावर मी एकटीच होते. वाचत गेले.

आईबापांकडून जनुकं येतात आणि ती बदलत नाहीत, हे शाळेत शिकले होते. आता कळलं की त्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. पुस्तकातला मजकूर तोच, पण कुणी पेन्सिलीनं काही ओळींपुढे 'वाच' आणि काहींपुढे 'सोड' असं लिहून ठेवावं, तशा. या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. पोटात असताना आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर बाळाच्या काही खुणा वेगळ्या पडलेल्या दिसतात. त्यामुळेच त्या मुलांना मोठेपणी मधुमेह होतो का, हे मात्र अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि नुसत्या साखरेनंच नाही, उपासमारीनंही खुणा पडतात. ज्या बायका उपासमारीच्या काळात गरोदर होत्या, त्यांच्या मुलांमध्ये पुढे साखरेचा आजार जास्त आढळला.

इथं मी थांबले. आई बहात्तरच्या दुष्काळात आजीच्या पोटात होती.

आजीचं नाव सोजरबाई. कळंबकडची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं सरकारकडून सुकडी, म्हणजे पौष्टिक पीठ, मिळायची, ती खायची. "पोटात तुझी आई आणि डोक्यावर पाटी," असं सांगायची, आणि सांगताना पाटीचंच वजन जास्त होतं असं हातानं दाखवायची. मी आणखी एक गोष्ट वाचली. मुलगी पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार झालेली असतात. म्हणजे आजी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटात आई होती, आणि आईच्या पोटात ते बीज होतं ज्याची पुढे मी झाले. एकाच सुकडीवर आम्ही तिघी होतो. मी खिडकीतून हायवेवरचे कंटेनर बघत बराच वेळ याचा विचार केला. दुःखाचा विचार नव्हता तो. नवल वाटत होतं.

मग आणखी एक वाक्य आलं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता बरीच वाढते. हे वाक्य मी पुन्हा वाचलं. डॉक्टरांचा प्रश्न आता उलट्या बाजूनंही विचारता येत होता. आईची साखर माझ्याकडे आली का, हे एक. आणि आईला ती माझ्यामुळे लागली का, हे दुसरं.

रविवारी सकाळी थेरगावला गेले. बाबा अजून त्याच भाड्याच्या घरात राहतात. मालकीणबाईंनी पत्र्याच्या खोल्या पाडून तीन मजले चढवले, तेव्हा तळमजल्याच्या दोन खोल्या त्यांनी आमच्यासाठीच ठेवल्या. आई गेल्यावर मी बाबांना पुनावळ्याला चला म्हटलं. "तिथं खिडकीतून माणसंच दिसत नाहीत," म्हणाले.

बाबांनी चहा टाकला. साखरेचा डबा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि झाकण लावून टाकलं. मी फोनवर रिपोर्टचं सांगितलं होतंच. तो डबा स्टीलचा आहे. त्यावर कोरलेलं आहे: सुदृढ बालक स्पर्धा, प्रथम क्रमांक, कु. अंजली धम्मरत्न ओव्हाळ. कंपनीच्या स्नेहसंमेलनात मिळालेला. आईनं त्यात कायम साखरच ठेवली, कारण बक्षिसाच्या डब्यात डाळ ठेवणं तिला बरं वाटत नव्हतं.

"बाबा, मी किती किलोची होते?"

"सव्वाचार," बाबा म्हणाले. "नर्सनं दोनदा वजन केलं. म्हणाली काटा बिघडलाय. मी म्हटलं, बाई, काटा बरोबर आहे, आमचा पीसच ओव्हरसाइज आहे."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी हसत आले आहे. या वेळी हसले नाही. बाबांनी गॅस बारीक केला.

"का गं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पेन्सिलीच्या खुणा, आजीची सुकडी, मोठं बाळ. बाबा प्रेस शॉपमध्ये सेटर होते. मशीनवर डाय बसवायची, सगळं जुळवायचं, पहिला पीस काढून मोजून बघायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं, हे त्यांचं काम. त्यानंतर शिफ्टभर पीस पडत राहतात, जसं लावलं असेल तसे.

"म्हणजे ड्रॉइंग तेच, सेटिंग वेगळं," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"मग सेटर कोण इथं? तुझी आजी?"

"कुणीच नाही. दुष्काळ पडला तर दुष्काळ. साखर वाढली तर साखर. रक्तातून जे येईल ते."

"बिनसेटरचं मशीन," बाबा म्हणाले. एखाद्या गचाळ कंपनीबद्दल बोलावं तशी मान हलवली. "मग लॉट बाद होणारच की."

"तेच नाही ना बाबा. तुमचं सेटिंग एकदा लावलं की तसंच राहतं. इथं काही खुणा पुढे बदलतातही. आणि खूण पडली म्हणजे आजार होणारच, असंही नसतं."

"मग बरंय." त्यांनी चहा गाळला. "आमच्यापेक्षा बरंय."

"आईला तेव्हा साखर होती का?"

"कोण तपासायचं तेव्हा? धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. संपलं."

"तहान लागायची का तिला खूप? रात्री उठायला लागायचं?"

"अंजू, मी अर्धा महिना नाइटला असायचो." ते कपाकडे बघत राहिले. मग वर बोट दाखवलं. "मालकीणबाईला विचार. त्यांचा दिवसभर डोळा असायचा तिच्यावर."

मालकीणबाई म्हणजे दुर्गाबाई. थेरगावातलं जुनं घराणं, एकेकाळी शेती होती, आता खोल्या आहेत. मी त्यांना मावशी म्हणते. पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी त्या पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"ये गं. कितवा लागला?"

"सातवा."

"पोट तर दिसंना. आमच्या यशोदाला पाचव्यातच दिसाया लागलं व्हतं. पोट म्होरं यायचं, ती मागनं यायची."

आईचं नाव यशोधरा. मावशींनी तिला शेवटपर्यंत यशोदाच म्हटलं. आईनं ते कधी दुरुस्त केलं नाही, बाबांनी दर वेळी केलं.

"मावशी, मी पोटात असताना आईला तहान लागायची का?"

"तहान? माझा माठ रिकामा करायची. म्या म्हनलं, बाई, तुझ्या पोटात पोर हाय का मासा?" त्या स्वतःच हसल्या. "सारखी मोरीत. तवा तुमच्या अन् माझ्या खोलीला मिळून एकच मोरी व्हती, ठावं हाय ना. अन् त्या मुंग्या. त्या काय म्या इसरले न्हाई."

"कसल्या मुंग्या?"

"काळ्या. सकाळच्याला बघावं तर उंबऱ्यापासनं मोरीपातूर रांग. तांबड्या असत्या तर म्या बी हाकलल्या असत्या. काळ्या म्हंजी लक्ष्मी. घरात पोटुशी बाई अन् दारात काळ्या मुंग्या. म्या सगळ्यांस्नी सांगितलं, पोरगी व्हनार, पायगुणाची व्हनार. रोज चिमूटभर साखर घालायची मी त्यांना."

"आणि बाबा?"

"तुझा बा." मावशींनी आवाज चढवला, खाली ऐकू जावा म्हणून. "तुझा बा कामावरनं यायचा अन् पावडर मारायचा. म्या साखर, त्यो पावडर. म्हनायचा, मालकीणबाई, मुंग्या म्हणजे मुंग्या, लक्ष्मी-बिक्ष्मी काही नसतं. म्या म्हनलं, भाऊ, खोली माझी, मोरी माझी, मुंग्या बी माझ्या."

"चावायला लागल्यावर कुणाच्या म्हणायच्या?" खालून बाबांचा आवाज आला.

"काळी मुंगी चावती व्हय? कायतरीच."

मी विचारलं, "मग गेल्या का पावडरनं?"

"कशाच्या जातात. हितनं मारल्या की तिथनं यायच्या."

"आणि मी झाल्यावर?"

मावशींचा हात शेंगेवर थांबला. "तू झालीस अन् गेल्या बघ. तुझ्या नाव ठेवायच्या दिवशी घरात बर्फी, जिलबी, समदं व्हतं. पर मोरीपाशी एक मुंगी न्हाई. म्या म्हनलं बराबर हाय. लक्ष्मी आता पाळण्यात झोपलीय, मोरीत कशाला येईल?"

बाबा जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आले होते. आम्ही दोघी बोलत होतो तेव्हा त्यांनी कठड्यावर हात ठेवला होता, तो तसाच होता. त्यांना बहुतेक माझ्याआधी कळलं. रक्तात साखर फार झाली की ती लघवीतून बाहेर पडते. मुंग्यांना ती सापडते. लक्ष्मीचा यात काही संबंध नव्हता, पण मुंग्या म्हणजे नुसत्या मुंग्याही नव्हत्या.

"आई काय म्हणायची?" मी विचारलं. "तुमचं दोघांचं हे चालू असताना?"

"यशोदा? ती हसायची नुसती." मावशींनी पावटे परातीत टाकले. "एकदा मला म्हनाली, मावशी, पण हितं मोरीत यांना गोड काय मिळतंय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. म्या म्हनलं, तुझ्या तोंडात साखर पडो."

बाबा जिन्यावरच बसले.

मी मावशींना सांगितलं. सांगावं की नाही, असा प्रश्न पडला होता, पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला दुसरं काही सुचलं नाही. शक्य तितकं सोपं करून सांगितलं. तेव्हा हे कुणालाच कळलं नसतं, असंही सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी म्या साखर घालत व्हते ती..."

"ती मुंग्यांनी खाल्ली, मावशी. आईनं नाही."

"व्हय. ते बी खरं." त्यांनी पुन्हा शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. "तिनं इचारलं व्हतं गं," त्या म्हणाल्या. "आमी ऐकलं न्हाई."

परत येताना बाबा स्टॉपपर्यंत आले. वाटेत एकदाच बोलले. "पावडर मारताना मी वाकून बघायचो, कुठून येतात ते. कशाला येतात ते बघितलं नाही."

दोन आठवडे मी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळी खाल्ल्या. जेवल्यावर सोसायटीच्या बागेभोवती फेऱ्या मारल्या. सुमेधनं स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला आणि तो पिताना दर वेळी माझ्याकडे असं बघितलं, जणू तो माझ्यावर उपकारच करत होता. जेवणानंतरची साखर उतरली. सकाळची, उपाशीपोटीची, उतरेना.

डॉ. योगिनींना मी मुंग्यांचं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग खुर्ची पुढे घेऊन ऐकू लागल्या.

"मुंग्यांवरून निदान करता येत नाही," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात काही बायकांच्या लघवीत थोडी साखर तशीही उतरते, रक्तातली ठीक असली तरी."

"आणि सव्वाचार किलो?"

"संशयाला जागा आहे. तहान, मुंग्या, वजन, पुढे मधुमेह. मी डॉक्टर म्हणून संशय नक्की घेतला असता. पण खात्री आता कधीच होणार नाही."

खात्री होणार नाही, हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. आईबद्दल अजून एखादी गोष्ट अपुरी राहिली आहे, याचं मला बरंच वाटलं असावं. पुऱ्या झालेल्या गोष्टी बऱ्याच होत्या.

मी दुसरा प्रश्न विचारला. "तसं असेल तर तिला मधुमेह माझ्यामुळे लागला का? मी पोटात होते म्हणून?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग, हे फार लवकर उत्तर झालं असं वाटून की काय, थांबल्या. "बघा, जिना चढताना एखाद्याला छातीत दुखलं, तर जिन्यानं हृदयविकार दिला असं आपण म्हणत नाही. जिन्यावर तो दिसला. गरोदरपण शरीराला तसा जिना चढायला लावतं. आधीच जे काठावर असतं ते वर येतं."

"म्हणजे मी जिना होते."

"तुम्ही जिना होतात." त्या हसल्या नाहीत. "आणि तुमच्या मालकीणबाईंनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट माहितीये कोणती? तुम्ही झाल्यावर मुंग्या गेल्या, ही. तुमचंही बाळंतपणानंतर बहुतेक जाईल. जातं म्हणूनच बायका परत येत नाहीत. सहा आठवड्यांनी तपासायचं, मग दरवर्षी. तुमच्या आईच्या बाबतीत मधे किती वर्षं होती?"

माझ्या जन्मापासून माझ्या बारावीपर्यंत. तेवढी वर्षं ती भाजी आणायला चालत जात होती, कंपनीच्या बसपर्यंत बाबांचा डबा पोचवत होती, मला शाळेतून आणत होती. एवढ्या वर्षांत कुणी एकदा तिचं बोट टोचलं असतं तर, असं वाक्य मनात सुरू झालं. मी ते पुढे जाऊ दिलं नाही.

"आता इन्सुलिन सुरू करूया," डॉक्टर म्हणाल्या. "रात्रीचा एक छोटा डोस."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते दोन आठवड्यांपासून ठरलेलं होतं. अजून थोडं बघू. शब्द ओठांपर्यंत आले आणि मला ते ऐकू आले, आईच्या आवाजात, पदर सावरत, डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून जरा हसून. ती घाबरत होती, एवढंच मी इतकी वर्षं समजत होते. पण हीच बाई एकदा मोरीपाशी उभी राहून विचारत होती, यांना इथं गोड काय मिळतंय. नंतर कधीतरी तिनं विचारणं सोडलं असणार. एकदा विचारल्यावर तोंडात साखर पडो म्हणणारीच माणसं भेटली तर दुसरं काय होणार.

"हे बाळापर्यंत जात नाही ना?" मी विचारलं.

"इन्सुलिन? नाही. साखर जाते. म्हणून तर."

"आणि मी वेळेवर घेतलं तर त्या खुणा पडणार नाहीत?"

"ते मला माहीत नाही. साखर आटोक्यात राहिली तर बाळाचं वजन, बाळंतपण, जन्मल्यावरची त्याची साखर, हे सगळं जास्त सुरक्षित होतं, एवढं नक्की माहीत आहे. खुणांचं तुम्हीच वाचून मला सांगा."

"इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवा," मी म्हणाले.

डोहाळजेवण आईनं करायचं असतं. मी करायचंच नाही म्हणत होते, पण मावशींनी बाबांना सांगून टाकलं होतं की ओटी त्या भरणार. एका रविवारी दुपारी बाबा त्यांना रिक्षानं पुनावळ्याला घेऊन आले. लिफ्टमध्ये मावशींनी बाबांचं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर पडल्यावर झटकून टाकलं.

"आमच्या मुंग्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "पायांनी चढायच्या."

ओटी भरून झाली. पाच-सहा जणी होत्या, सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या. पेढा आणि बर्फीचा खेळ कुणीतरी आणलाच होता. झाकलेल्या दोन वाट्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी वाटी उचलली, बर्फी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सुमेधनं ती बर्फी कर्तव्य म्हणून खाल्ली. जेवणाआधी मी तपासणीचं यंत्र काढून बोटाला टोचून घेतलं. आई सुई घ्यायची तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करायचे. आज ते शेजारी येऊन बसले, चष्मा लावला आणि यंत्राच्या पडद्यावर वाकले.

"ठीक आहे का?"

"मर्यादेत आहे."

"पहिला पीस पास," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "दर पीस मोजायचा पण."

"मोजतेय बाबा."

मावशी बाथरूममध्ये गेल्या होत्या. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी उठणार, तेवढ्यात आल्या. पदरानं हात पुसत मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या मोरीपाशी एक बी मुंगी न्हाई गं. जाळीपाशी वाकून बघितलं."

"नवव्या मजल्यावर कुठून येणार," बाबा म्हणाले. त्यांचे कान तिखट आहेत.

"मुंगी कुठं बी जाती, भाऊ. तिला कोण अडवतंय." त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. चेहरा गोंधळलेला होता. इतकी वर्षं ज्याचा एक अर्थ त्यांना पाठ होता, तो आता हातात नव्हता. "मुंग्या न्हाईत. हे चांगलं का वाईट? मला सांग."

"चांगलं, मावशी. सध्या तरी चांगलं." इथं दर महिन्याला औषध फवारणारा माणूस येतो, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पुडी काढली. "मग हिचं काय करू? येताना घेतली व्हती. मुंग्यांसाठी."

जेवणानंतर मला चालायचंच होतं. आम्ही तिघं खाली उतरलो. बागेच्या कडेला माळ्यानं नुकतंच लावलेलं कडुनिंबाचं रोप होतं. मावशींनी त्याच्या बुंध्याशी पुडी सोडली, चिमूटभर साखर मातीवर पसरली आणि हात झाडले. मी बागेला फेऱ्या घालायला लागले. दर फेरीला त्या दोघांपाशी आले की दोघं तसेच उभे, मान खाली घालून. काहीच येत नव्हतं.

"हितल्या मुंग्या सुशिक्षित दिसत्यात," मावशी म्हणाल्या. "साखर सोडलीय."

पुढच्या फेरीला मी आले तेव्हा बाबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. मीही थांबले. मातीच्या एका भेगेतून एक मुंगी निघाली होती. ती साखरेच्या कडेनं गेली, परत फिरली, पुन्हा आली. तिच्यामागून दुसरी.

"कंच्या हायेत?" मावशींनी विचारलं. त्यांना आता तेवढं बारीक दिसत नाही.

बाबांनी चष्मा नीट केला आणि आणखी खाली वाकले. मला वाटलं, म्हणतील, मुंग्या म्हणजे मुंग्या.

"काळ्या आहेत, मालकीणबाई," ते म्हणाले.